हौसाचा नारू

नारू म्हणजे काय, ते आता नातवाला समजावून सांगावं लागतं. परवा जेवताना विषय निघाला तर म्हणतो, "आजोबा, पायातून दोऱ्यासारखा किडा निघतो? काहीही सांगता!" सूनबाई म्हणाल्या, जेवताना तरी नको. बरोबर आहे त्यांचं. पण आमच्या लहानपणी नारू जेवताना, झोपताना, पेरताना घरातच असायचा. उन्हाळा लागला की कुणाच्या तरी पायाला ठणका लागायचा, फोड यायचा, आणि फोड फुटला की आतून पांढऱ्या सुताचं टोक दिसायचं. ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज इवलं इवलं ओढत न्यायचं. घाई केली आणि मधेच तुटला, की पाय भोपळ्यासारखा सुजायचा. धडधाकट गडी ऐन पेरणीत अंथरुणाला खिळायचा. म्हणून आमच्या पूर्वेच्या कोरड्या मुलखात सोयरीक जुळवायला पाहुणे आले की पोरीचा रंग नंतर पुसायचे. आधी पुसायचे, "गावाला पाणी कसलं?"

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. एकदा ते नको तिथं उच्चारलं गेलं, तेवढं पुरे. विट्याच्या उगवतीला, माळावर, मेंढरांचं आणि बाजरीचं गाव, एवढं सांगितलं तरी चालेल. घर म्हणजे दोन खण, पुढं सोपा आणि सोप्याला लागून मेंढरांचं वाडगं. पहाटे आई जात्यावर बसली की त्या घरघरीला कोकरांची बें-बें मिळायची आणि दोन्हींच्या वर आबांचा खोकला. मग चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटायचं. ते गरम गरम प्यायचं, वर बाजरीची भाकरी, आणि दगडी उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी, इतकी तिखट की कानातून धूर निघावा. माझी धाकटी बहीण हौसा ही त्या घरातली सगळ्यात मोठ्या तोंडाची. सांगलीहून सुट्टीला मी आलो, की माझ्या तोंडात 'व्हय'च्या जागी चुकून 'होय' यायचं. ती लगेच कंबरेवर हात ठेवून उभी राहायची, "आलं बया, आमचं 'होय' आलं! माडगं 'प्याल' का सायेब, का बशीत वतून देऊ?" आई हसून हसून पदर डोळ्याला लावायची. मी चिडायचो, पण खरं सांगायचं तर ती चेष्टा ऐकायलाच मी घरी जायचो.

गावात विहीर एकच, पायऱ्यांची. बाया घागर घेऊन उतरायच्या, गुडघाभर पाण्यात शिरायच्या आणि घागर बुडवायच्या. ज्याला नारू झालेला असे तोही तिथंच पाय सोडून बसायचा, कारण गार पाण्यानं ठणका कमी व्हायचा. सगळी गोम तिथंच होती. त्या पायातून नारूची पिल्लं पाण्यात पडायची, पाण्यातले बारीक किडे ती गिळायचे, आणि ते पाणी आम्ही घटाघटा प्यायचो. पुढच्या वर्षी ज्याच्या त्याच्या पायातून ज्याचं त्याचं सूत. पण हे आम्हाला सांगणार कोण? म्हातारी माणसं म्हणायची, देवाचं काहीतरी राहिलंय.

मला हे कळलं सांगलीच्या कॉलेजात. मी तिथं शास्त्र शाखेला होतो. हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या वखारीमागं खोली होती. धोतर पांढरं म्हणून नेसायचं आणि संध्याकाळी पिवळं म्हणून सोडायचं, असा कारभार. भाताला, पुस्तकाला, उशीला हळदीचा वास. आम्हाला जीवशास्त्र शिकवायला निजसुरे सर होते. उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात कायम खडू. एके दिवशी त्यांनी वर्गात इंग्रजीतून नारूचं सगळं जीवनचक्र सांगितलं. मला राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, हा आमच्या घरी असतो." वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर मला प्रयोगशाळेत घेऊन गेले, मायक्रोस्कोपचा आरसा उन्हाकडं वळवला आणि म्हणाले, "बघ." काचेवरच्या थेंबात एका डोळ्याचा इवला किडा झटके देत पळत होता. मी ओरडलो, "आयला!" मग जीभ चावली. सर तेव्हा मात्र पोटभर हसले. त्या दिवसापासून मी त्या माणसाचा झालो. त्यांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर मी पायऱ्याही शोधल्या नसत्या.

त्याच वर्षी सरांनी 'जलप्रदर्शन' काढायचं ठरवलं. आम्ही पोरं त्याला 'पाण्याचा तमाशा' म्हणायचो. बेत असा, की प्राध्यापक आणि विद्यार्थी मिळून खेडोपाडी जायचं, लोकांना मायक्रोस्कोपातून त्यांच्याच विहिरीचं पाणी दाखवायचं, आणि दुपदरी फडक्यानं पाणी गाळून प्यायला शिकवायचं. एवढ्या एका फडक्यानं नारू हटतो, हे सरांचं म्हणणं. रसायनशास्त्राचे घारे सर बरोबर आले. ते गढूळ पाण्यात तुरटी फिरवून दाखवायचे. स्वभावानं गरीब, चहा मिळाला की खूश. माझा खोलीतला सोबती मधू चांगली चित्रं काढायचा, त्यानं तक्ते रंगवले. आणि खेड्यातल्या लोकांशी बोलायचं कसं, हे मी सांगायचं. सर 'जंतुसंसर्ग' म्हणायचे, मी म्हणायचो, "सर, 'किडं पोटात जात्यात' म्हणा." सर ते लिहून घ्यायचे, चार वेळा घोकायचे आणि तरी ऐन वेळी 'जंतुसंसर्ग'च म्हणायचे. महिनाभर आम्ही चौघं त्या कामात बुडून गेलो होतो. लढाईचे दिवस, रॉकेल मिळेना, काच मिळेना. घारे सरांनी औषधवाल्याकडून मोकळ्या बाटल्या मागून आणल्या. इतकं सुख मला पुढं कुठल्याच नोकरीत लाभलं नाही.

एकच अडचण होती. सरांना अखंड नारू हवा होता. दवाखान्यात मिळायचे ते तुकडे. "लोकांना पूर्ण प्राणी दिसला पाहिजे," ते म्हणायचे, "एवढा लांब जीव आपल्या पायात राहतो, हे डोळ्यांनी दिसलं की पुढचं सगळं पटेल." उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो आणि बघतो तर हौसाच्या घोट्याला काडी बांधलेली.

आता ही गोष्ट साधी नव्हती. चैत्रातच हौसाची सुपारी फुटली होती. विट्याच्या अलीकडचं चांगलं बागाईत घर. सासरे होणार त्यांना सगळे तात्या म्हणायचे, मुलगा पलटणीत होता, सुट्टीवर येऊन पोरगी बघून, पसंत करून गेलेला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं. पाणी कसलं, हे तात्यांनी विचारलं होतं आणि आबांनी सांगितलं होतं, चांगलं आहे. आणि वैशाखात हा नारू! आईनं हौसाला घराबाहेर काढणं बंद केलं. कुणी विचारलं तर सांगायची, काटा मोडलाय. हौसा भिंतीला टेकून बसायची, रोज सकाळी काडीचा एक वेढा द्यायची, ओठ दाताखाली धरायची आणि वेढा झाला की म्हणायची, "चला, आजचं सूत कातून झालं." तिचा नारू अखंड निघाला. आई तो चुलीत टाकणार होती. मी म्हणालो, सरांना पाहिजे. हौसानं माझ्याकडं बघितलं. "मानूस कसा हाय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "देवमाणूस हाय." तेवढ्यावर तिनं दिला.

सर स्वतः आले तो न्यायला. विहिरीचं पाणीही घ्यायचं होतं. आमच्या सोप्यात घोंगड्यावर मांडी घालून बसले, हौसानं थापलेली भाकरी आणि ती चटणी नाक पुसत पुसत खाल्ली. मग हौसा लंगडत आतून बाटली घेऊन आली. तिनं ती सरांच्या हातात दिली आणि म्हणाली, "जपून ठेवा. लय दिस पोसलाय मी त्येला." सर हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी हात जोडले. "सायेब, पोरीचं ठरलंय. कुटं नाव निगालं तर मोडंल." सरांनी उठून आबांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. म्हणाले, "माझ्या तोंडून या मुलीचं नाव कधी येणार नाही. हा माझा शब्द." मग हौसाकडं वळून, "बाळ, तुलाही सांगतो." माझी छाती अशी फुगली होती म्हणून सांगू! केवढा मोठा माणूस माझ्या घरी जेवला आणि माझ्या बापाला शब्द देऊन गेला.

दसऱ्याच्या सुट्टीत प्रदर्शन निघालं. सांगलीत नीट झालं, वाटेतल्या दोन गावांत बरं झालं. मग सर म्हणाले, आता विट्याकडं. मग मला गावाचं नाव कळलं. ते तात्यांचं गाव होतं. मी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, हे गाव टाळू. ते म्हणाले, "अरे, तिथंही नारू आहे, तिथंही पायऱ्यांची विहीर आहे. तिथल्या लोकांनी पाणी गाळू नये का?" मी म्हटलं, मग बाटली तरी दाखवू नका. "बाटलीवर नाव आहे का? शब्द दिलाय ना मी तुझ्या वडिलांना!" एवढं बोलून सर पेट्या चढवायला गेले. घारे सर तिथंच उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं.

मारुतीच्या देवळापुढं दुपारी माणसं जमली. तात्या पुढं बसले होते, नवा फेटा बांधून. चार लोकांना त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "ह्यो आमच्या सुनंचा भाऊ, कालिजात हाय." मला गूळ-शेंगदाणे दिले. घारे सरांची तुरटी लोकांना आवडली. मायक्रोस्कोपाला रांग लागली. आणि मग सरांनी बाटली वर धरली, ती हातोहात फिरली, आणि एका म्हाताऱ्याच्या हातात थांबली. त्यानं ती डोळ्यापाशी नेली, हलवली आणि निवांत म्हणाला, "ह्यो दोरा हाय. वाकळंचा दोरा. सांगलीवाल्यांनी दारूत बुडवून आनलाय."

झालं! माणसं हसायला लागली. "शिवून दावा की मास्तर!" एक पोरगा ओरडला. सर म्हणाले, "हा दोरा नव्हे, हा सजीव प्राणी आहे. म्हणजे, होता." त्यावर कुणीतरी, "मंग मेला कशानं, लाजून व्हय?" आणि सगळं देऊळ हसलं. सर लालबुंद झाले. वर्गात त्यांना कुणी हसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. लोक चेष्टा करतायत, थोडं थांबलं तर आपोआप गप होतील, हे मला कळत होतं. गावाकडच्या कुठल्याही माणसाला कळलं असतं. सरांना कळलं नाही. ते माझ्याकडं बोट करून म्हणाले, "याला विचारा! हा तुमच्याच भागातला आहे. याच्या सख्ख्या बहिणीच्या पायातून निघालाय हा."

हसणं थांबलं. म्हातारा माझ्याकडं वळला. "व्हय रं गड्या? खरं हाय?"

तात्या बघत होते. मी म्हणालो, "न्हाई. दोराच हाय."

हशाचा असा लोट उठला की देवळावरची कबुतरं उडाली. सर माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्या थोबाडीत मारल्यासारखे. मला वाटलं, आता गप बसतील. मी डोळ्यांनी विनवलं त्यांना. ते गप राहिले तर एक बहीण वाचते आणि एक बाटली हरते, एवढंच होतं. बाटली हरली असती तर काय बिघडलं असतं? पण सर ओरडले, "खोटं बोलतोस? माझ्यासमोर? हौसा! हौसा नाव तिचं! तिनं स्वतःच्या हातानं मला ही बाटली दिली. म्हण, नाही म्हणून!" वर आमच्या गावाचं नावही घेतलं, कसली शंका उरू नये म्हणून.

तात्या उठले. धोतर झटकलं. माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "काटा मोडला हुता म्हनं पोरीला." आणि गेले. त्या शांततेत मागून एका बाईचा आवाज आला, "मंग मास्तर, पानी गाळायचं कसं?" आणि सरांचा चेहरा उजळला, खरंच उजळला. त्यांनी फडक्याची दुहेरी घडी घातली, घागरीच्या तोंडाला बांधली, आणि बाया पुढं सरकून बघायला लागल्या. कुणी आता दोरा म्हणत नव्हतं. त्या दिवशी ते गाव पाणी गाळायला लागलं. हे मी नाकारत नाही. सर शास्त्रात बरोबर होते, फडक्याबद्दल बरोबर होते, आणि आज नारू राहिला नाही यात अशा माणसांचा वाटा आहे. पण बरोबर होता म्हणून माफ करायचं का? माझ्याच्यानं अजून होत नाही.

परतताना बैलगाडीत सर आधी रागावले. शास्त्राच्या कामात खोटं बोललास, हे तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं, म्हणाले. मी म्हणालो, "सर, तुम्ही शब्द दिला होता." ते म्हणाले, "हो. ते वाईट झालं. पण पाहिलंस ना, कसं पटलं त्यांना? नावासकट सांगितलं तेव्हाच पटलं." आणि जरा पुढं वाकून, अगदी पूर्वीसारख्या आवाजात, "मी विचार करतोय, पुढच्या गावी हे तूच सांगावंस. भाऊ स्वतः सांगतोय म्हटल्यावर कुणी शंकाच घेणार नाही. आता लपवण्यासारखं राहिलंय तरी काय?"

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मग कळलं. हौसाचं लग्न मोडलं होतं आणि हा माणूस ते तुरटीच्या प्रयोगाशेजारी मांडून ठेवत होता. मी घारे सरांकडं बघितलं. ते खोक्यातलं गवत नीट करत होते. मधूकडं बघितलं. मधू माझ्या ताटात जेवलेला, माझ्या चादरीवर झोपलेला. तो म्हणाला, "अरे, स्थळं काय, पुष्कळ मिळतील." मी गाडीतून उडी मारली. सरांनी हाका मारल्या. मी वळलो नाही. माळ तुडवत घरची वाट धरली.

बातमी माझ्या आधी पोचली होती. आबा तात्यांच्या घरी गेले होते. ते परत आले तेव्हा खांद्यावर सुपारीच्या वेळी पोरीकडून गेलेलं फेटा-उपरणं होतं, घडी न मोडलेलं. आई चुलीपुढून उठली नाही. हौसा परड्यात बाजरी पाखडत होती. मी तिच्यापुढं जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं, मी दोरा म्हणालो तेही. तिनं सूप खाली ठेवलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू खोटं बोल्लास माझ्यासाटी?" मी मान हलवली. मला वाटलं, आता हसेल, काहीतरी टोमणा मारेल. ती म्हणाली, "त्या मास्तराला मी वळखत न्हवते, दादा. मी तुला ईचारलं हुतं, मानूस कसा हाय."

त्यापुढं ती माझ्या 'होय'ला कधी हसली नाही. पुढच्या साली तिला जतकडं दिली, एका बिजवराला, आबांच्याच वयाच्या जवळपासचा, पदरात पहिलीची दोन पोरं. माणूस वाईट नव्हता. हौसानं ती पोरं वाढवली, स्वतःची तीन वाढवली, मेंढरं वाढवली. राखी पाठवायची, भाऊबीजेला ओवाळायची, लुगडं नेलं की कौतुक करायची. कुणी म्हणेल, मग बिघडलं कुठं? मी शास्त्र सोडलं आणि पुढं शाळेत इतिहास शिकवला. निजसुरे सरांचा सांगलीत मोठा सत्कार झाला तेव्हा मला निमंत्रण आलं होतं. जुन्या सहकाऱ्यानं दोन शब्द बोलावेत, अशी विनंती होती. मी ते निमंत्रण बंबात घातलं आणि त्या पाण्यानं आंघोळ केली.

मागच्या वर्षी हौसा अंगणात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं, नारू निघाला होता त्याच पायाचं. भाच्यांनी सांगलीला आणलं, मीही गेलो. खाटेवर एवढीशी दिसत होती. मला बघून म्हणाली, "कवा आलास? जेवलास का?" मी तिचा हात धरून बसलो. इतक्यात डॉक्टर आला, तरुण पोरगा होता, हसतमुख. "आजी, पाय बघू," म्हणून त्यानं चादरीला हात घातला. हौसानं चादर वरून घट्ट धरली. माझ्या हातातून हात सोडवून दोन्ही हातांनी धरली.

"आदी दादाला भाईर जाऊ द्या," ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन बाकावर बसलो.